उचलून बाजूला ठेवलेली गाडी : नवी मुंबईतल्या एका संशोधन कार्यशाळेचा प्रकरण अभ्यास

जुलैतला गुरुवार, सकाळचे सव्वाअकरा. बेलापूरकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर साठेक माणसं कॉरिडॉरच्या दोन्ही भिंतींना लागून उभी होती. मधून आमची रोबोट-गाडी निघाली. गोल, गुडघ्याएवढी उंच, दोन मोठी चाकं, मागे एक छोटं फिरतं चाक आणि वरच्या तबकात तीन पुस्तकं. तिला उत्तर टोकाच्या ग्रंथालयापर्यंत जायचं होतं. ती दक्षिणेला निघाली. सुरुवातीला कोणाला काही खटकलं नाही. पाहुण्यांना ग्रंथालय कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, आणि आम्ही पाच-सहा जण लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होतो. पडद्यावर ती अगदी बरोबर चालली होती.

दक्षिणेला कॉरिडॉर संपतो तिथे जिना आहे. पहिल्या पायरीपासून दीड हातावर गाडी थांबली, कारण जिन्यापाशी स्टुलावर बसलेल्या सफाईच्या मावशींनी आपली बादली तिच्यापुढे सरकवली.

त्या कार्यशाळेच्या संयोजकांपैकी मी एक. त्या दिवशी काय घडलं, का घडलं आणि आम्ही कुठे चुकलो, हे शक्य तितक्या तपशिलात लिहून ठेवतो आहे. अशा कार्यशाळा आपल्याकडे आता बऱ्याच होतात आणि त्यांच्या अहवालांत उद्घाटन, दीपप्रज्वलन आणि शोधनिबंधांची संख्या एवढंच उरतं, याची मला मनापासून खंत आहे.

तीन विषय, एक कॉरिडॉर

कार्यशाळा तीन दिवसांची. विषय तीन: सर्वव्यापी संगणन, बुद्धिमान प्रणाली आणि चालते रोबोट. असं असलं की नेहमी तीन सभागृहं घेतात, तीन अध्यक्ष नेमतात, आणि एका सभागृहातला माणूस दुसऱ्यात डोकावतही नाही. हे तिन्ही विषय खरं तर एकमेकांच्या पोटातले आहेत. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर यांनी १९९१ साली जो लेख लिहिला, त्यात संगणक खोलीतल्या वस्तूंमध्ये विरघळून जाईल अशी कल्पना होती. इंचाएवढे, फुटाएवढे, यार्डाएवढे संगणक एका खोलीत शेकड्यांनी असतील आणि माणसाला त्यांची जाणीवही राहणार नाही. अशा खोलीत रोबोट सोडला, तर खोली स्वतःच त्याला मदत करू शकते. म्हणून आम्ही ठरवलं की तिन्ही गटांना एकच काम द्यायचं: ग्रंथालय ते वाचनकक्ष अशी पुस्तकांची ने-आण. रोबोटवाल्यांनी गाडी चालवायची, बुद्धिमान प्रणालीवाल्यांनी मार्ग आणि वेळ ठरवायची, सर्वव्यापीवाल्यांनी कॉरिडॉरमध्ये छोटे सेन्सर बसवायचे.

कागदावर हे छान होतं. प्रत्यक्षात सेन्सरवाला गट आपली मांडणी तिसऱ्या दिवशी दाखवणार होता आणि गाडी दुसऱ्या दिवशी एकटीच धावणार होती. तीन सभागृहांऐवजी आम्ही तीन दिवस केले होते, एवढाच फरक. ही पहिली चूक, आणि ती पूर्णपणे संयोजकांची.

गाडीची रचना साधी होती. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक, त्यावर रोबोट चालवायची रॉस-टू आणि वाट काढायची नॅव्ह-टू ही खुली प्रणाली. जमिनीपासून वीतभर उंचीवर लेझरने अंतर मोजत फिरणारा लायडार, १२ मीटरपर्यंत पोहोचणारा. चाकांना फेऱ्या मोजणारे एन्कोडर. शिवाय त्वरण (वेगातला बदल) आणि वळण मोजणारी एक स्वस्त एमपीयू-६०५० चिप. ती बसवली होती, पण तिचं माप हळूहळू सरकत जातं म्हणून तिच्याकडून आलेला आकडा कुठेच वापरला नव्हता, फक्त नोंदवहीत साठत होता. पुढे सगळं प्रकरण याच नोंदीने सोडवलं.

शोध चुकीच्या ठिकाणी

बादलीने गाडी थांबली आणि कॉरिडॉरमध्ये कोणी काही बोललं नाही. मी एमटेकच्या ज्या विद्यार्थ्याने गाडी बांधली त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "रात्री काय बदललंस?" माझा आवाज चढलेला होता. त्याने बदल केला होता, हे खरं. वेगाची कमाल मर्यादा थोडी वाढवली होती. मग पुढचे दीड तास आम्ही तोच बदल उलटसुलट तपासत बसलो. त्याचा या घटनेशी काहीही संबंध नव्हता. त्याची मी संध्याकाळी माफी मागितली, पण चूक चारचौघांत काढली होती आणि माफी खोलीत मागितली. ते पुरेसं नव्हतं असं मला आजही वाटतं.

जेवणानंतर सहा शोधनिबंधांचं सत्र होतं. ते संध्याकाळी घ्यावं आणि दुपारी सगळ्यांनी मिळून गाडीची नोंदवही उघडावी, असा प्रस्ताव पुढे आला. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं: नाशिक-कोल्हापूरहून आलेल्या मुलांना परतीची गाडी आहे, सादरीकरणाचं प्रमाणपत्र लागतं, बाहेर पाऊस आहे आणि हार्बर लाइन कधीही कोलमडेल. शेवटी दोन निबंध आधी झाले, चार संध्याकाळी. त्या चारांपैकी एका मुलीने अवघ्या नऊ श्रोत्यांपुढे आपला निबंध वाचला. विषय उत्तम होता. तिच्यावर अन्याय झाला.

तरीही दुपार मोकळी केली ते बरं झालं. आम्ही प्रोजेक्टरवर सकाळची नोंद सेकंदासेकंदाने पुन्हा चालवली. लायडारचे ठिपके, चाकांच्या फेऱ्या, गाडीचा स्वतःबद्दलचा अंदाज. सगळं सुरळीत. कुठेही उडी नाही, धक्का नाही. मग मागच्या बाकावरून पनवेलच्या एका महाविद्यालयातल्या मुलीने विचारलं, "सर, त्या चिपची नोंद कुणी बघितली का?" बघितली नव्हती. उघडली, तर सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास उभ्या अक्षावर एक ठळक उंचवटा, मग अर्ध्या फेरीइतकं वळण, मग पुन्हा एक आघात. चाकांची नोंद त्या वेळात शून्य. चाकं न फिरता गाडी वर गेली होती, वळली होती आणि खाली आली होती.

आठ चाळीसला मजल्यावर कोण होतं? आमच्यापैकी कोणीच नाही. मावशींना बोलावलं. त्यांनी लगेच सांगितलं, "मीच उचलली. रात्रभर पाणी आत आलेलं, लादी पुसायची होती. मध्येच उभी होती ना ती. पलीकडच्या दारापाशी ठेवली." आणि मग जरा थांबून, "परवा पण उचललेली. तेव्हा होती तिथंच परत ठेवली. आज तिथं गोणपाट घातलं होतं, म्हणून नाही ठेवली."

खाडीवरून पाऊस वाऱ्यासकट येतो तेव्हा आमच्या कॉरिडॉरच्या जाळीच्या खिडक्यांतून पाणी थेट आत पडतं. जून ते सप्टेंबर तिथे गोणपाट अंथरलेलं असतं, भिंतीशी छत्र्या उघड्या वाळत असतात, आणि साडेआठ ते सव्वानऊ लादी पुसली जाते. हे त्या इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आम्ही नकाशा मे महिन्यात, सुट्टीत, रात्री बनवला होता.

गाडीला कळलं कसं नाही

रोबोटिक्समध्ये या परिस्थितीला नाव आहे: अपहृत रोबोट. चालू रोबोट कोणी उचलून दुसरीकडे ठेवला आणि त्याला ते सांगितलं नाही, तर तो आपली जागा पुन्हा शोधू शकतो का? हे शब्द मला त्या दिवसापासून टोचतात. मावशी आपलं काम करत होत्या. वाटेत वस्तू सोडून गेलो होतो आम्ही.

गाडी आपली जागा ज्या रीतीने ओळखते ती १९९९ मध्ये डेलार्ट, फॉक्स, बुरगार्ड आणि थ्रुन यांनी मांडली. नकाशावर "मी इथे असेन" असे हजारो अंदाज शिंपडायचे. गाडी चालली की प्रत्येक अंदाज तेवढाच पुढे सरकवायचा. मग लायडारला जे दिसतं ते त्या त्या अंदाजाच्या जागेवरून दिसायला हवं तसं आहे का, हे बघायचं. जुळतात ते अंदाज टिकतात, न जुळणारे गळतात. थोड्या वेळात सगळे अंदाज एका ठिकाणी गोळा होतात. रीत भक्कम आहे, जगभर चालते. पण सगळे अंदाज एकदा एका जागी गोळा झाले की दुसऱ्या जागी एकही उरत नाही. मग गाडी तिथून उचलली, तर नवी जागा सुचवायला कोणी शिल्लक नसतं.

यावर उपायही जुनाच आहे. नुकत्याच घेतलेल्या मापांचा जुळणीदर आणि दीर्घकाळचा सरासरी जुळणीदर यांची तुलना करत राहायची. अलीकडचा दर एकदम घसरला, तर काहीतरी बिघडलंय असं मानून नकाशाभर नवे अंदाज शिंपडायचे. आमच्या प्रणालीत ही सोय आहे, तिचे दोन आकडे आहेत, आणि दोन्ही मुळात शून्यावर ठेवलेले असतात, म्हणजे सोय बंद असते. ती मुद्दाम चालू करावी लागते. आम्ही केली नव्हती.

चालू असती तरी भागलं असतं का, हा पुढचा प्रश्न. दुपारी तोच प्रयोग केला. आकडे ०.००१ आणि ०.१ केले आणि तीच नोंद पुन्हा चालवली. अंदाज पसरले, आणि दोन ठिकाणी गोळा झाले. कधी खऱ्या जागी, कधी तिच्या आरशातल्या जागी. आमचा कॉरिडॉर पन्नासेक मीटर लांब. दर साडेचार मीटरला एक खांब, दोन खांबांमध्ये समोरासमोर दोन दारं, आणि हे उत्तर ते दक्षिण अगदी सारखं. मधोमध उभं राहिलं तर १२ मीटरच्या लायडारला दोन्हीपैकी एकही टोक दिसत नाही. तिथे डोळे बांधून आणून उभं केलं तर माणसालाही उत्तर कुठली ते सांगता येणार नाही. मावशींनी गाडी एक खांब पलीकडे, तोंड फिरवून ठेवली, आणि लायडारला दिसलं ते आधी दिसत होतं तसंच.

टोक जवळ आल्यावर तरी फरक कळायला हवा होता. पण भिंतींच्या जागी तेव्हा साठ माणसांचे पाय होते. ही गोष्टही नवी नाही. १९९७ मध्ये बॉन इथल्या डॉइचेस म्युझियममध्ये ऱ्हायनो नावाचा रोबोट पाहुण्यांना संग्रहालय दाखवत होता, आणि १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये मिनर्व्हा. दोन्ही वेळा गर्दी सेन्सर झाकून टाकते हा मोठा प्रश्न होता. मिनर्व्हाला म्हणून वर बघणारा कॅमेरा दिला होता, छताचा नकाशा वापरायला. छतापुढे कोणी उभं राहत नाही. आदल्या सकाळी बीजभाषणात हे सगळं आम्ही ऐकलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी साठ जणांना भिंतीला उभं केलं.

आणखी एक साधी गोष्ट राहिली. गाडी एक खांब सरकलेली आम्हाला दिसली होती. मला वाटलं विद्यार्थ्याने सरकवली, त्याला वाटलं सरांनी. गोल असल्यामुळे तोंड फिरलेलं दोघांनाही कळलं नाही.

जिना

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात गंभीर भाग हा आहे, आणि चर्चेत तो सगळ्यात उशिरा आला. गाडी जिन्यावरून का पडणार होती? जिना धोक्याचा आहे हे आम्हाला माहीत होतं. नकाशावर त्या जागेला प्रवेशबंदी घातली होती. पण ती बंदी नकाशातल्या जागेला होती. गाडीच्या समजुतीप्रमाणे ती जिन्यापासून कितीतरी मीटर लांब होती, म्हणून बंदी लागूच झाली नाही. वीतभर उंचीवर आडवा फिरणारा लायडार खाली जाणारी पायरी बघू शकत नाही. त्याला तिथे मोकळी जागा दिसते. म्हणजे वाट शोधणं आणि जीव वाचवणं, दोन्ही आम्ही एकाच समजुतीवर टांगलं होतं. समजूत चुकली आणि दोन्ही एकदम गेलं.

घरात फिरून लादी झाडणाऱ्या रूम्बा या रोबोटला २००२ पासून पोटाखाली कडा ओळखणारे सेन्सर आहेत. त्यांना नकाशा लागत नाही. खाली जमीन आहे की नाही, एवढंच ते बघतात. आम्ही ते लावले नव्हते, कारण नकाशा होता. सात-आठ किलोची गाडी जिन्यावरून खाली गेली असती आणि त्या वेळी कोणी वर येत असतं, तर हा मजकूर मी वेगळ्या शब्दांत लिहिला असता.

रात्र आणि तिसरा दिवस

गुरुवारी रात्री तिन्ही गट पहिल्यांदा एका टेबलाशी बसले. वाशीहून वडापाव आणि चहा आला, आणि बारापर्यंत काम चाललं. कडेचे इन्फ्रारेड सेन्सर सगळ्यात आधी लागले, थेट मोटरच्या नियंत्रकाला जोडून, म्हणजे संगणकाला काहीही वाटलं तरी चाकं थांबतील. मग एमपीयू चिपच्या उभ्या अक्षावर लक्ष ठेवणारा छोटा प्रोग्रॅम: उचललं गेल्याची खूण दिसली की गाडीने सगळे जुने अंदाज टाकून द्यायचे, पिवळा दिवा लावायचा आणि जागेवर उभं राहायचं.

उभी राहून पुढे काय? इथे सर्वव्यापी गटाचं काम आलं. त्यांनी कॉरिडॉरच्या तीन भागांत तीन ईएसपी३२ पट्ट्या, म्हणजे बिनतारी संकेत देणारे छोटे सर्किट बोर्ड ठेवले, ब्लूटूथ लो एनर्जीवर आपलं नाव सांगत राहणारे. गटातल्या काहींना त्यातून गाडीची जागा मीटरभर अचूक काढायची होती. ते जमत नाही, आणि गर्दीत तर नाहीच. माणसाच्या शरीरात पाणीच फार, आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. चाचणीत मधे सहा जण उभे केले, तर जवळच्या पट्टीचा संकेत लांबच्या पट्टीपेक्षा क्षीण आला. पण आम्हाला मीटर नकोच होता. उत्तर भाग, मधला की दक्षिण, एवढं कळलं तरी आरशातली जागा बाद होते. दहा सेकंदांतल्या संकेतांचा मध्यक घ्यायचा, त्या भागातच अंदाज शिंपडायचे, बाकी लायडार बघून घेईल. एका गटाचं कच्चं उत्तर दुसऱ्या गटाच्या अडलेल्या जागी बरोबर बसलं. या कार्यशाळेत मला सगळ्यात जास्त आनंद या क्षणी झाला.

भिंतीवर चौकोनी खुणा चिकटवून कॅमेऱ्याने वाचाव्यात, अशीही सूचना होती. पावसाळ्यात त्या भिंतींवर सूचनाफलकाचा कागदसुद्धा आठवडाभर टिकत नाही.

रात्री आणखी एक सूचना आली होती: सफाई कर्मचाऱ्यांच्या गळ्यात ब्लूटूथ बिल्ला द्यावा, म्हणजे त्या जवळ आल्या की गाडी आपणहून बाजूला होईल. सकाळी मावशींना विचारलं. त्यांनी विचारलं, "मग मी कुठं-कुठं गेले, किती वेळ बसले, ते कुणाला दिसणार?" केंब्रिजमध्ये ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारास लोकांनी असेच बिल्ले घातले होते, दर पंधरा सेकंदांनी इन्फ्रारेड संकेत देणारे, आणि तेव्हापासून या क्षेत्रात हाच प्रश्न विचारला जातो आहे. आमच्याकडे त्याचं चांगलं उत्तर नव्हतं, म्हणून बिल्ला रद्द केला. त्याऐवजी मावशींनाच विचारलं की गाडीत काय असावं. त्या म्हणाल्या, धरायला मूठ द्या, वाकून खालून उचलावी लागते. आणि पुसायच्या वेळी ती वाटेत नको.

शुक्रवारी मूठ बसली, घाईत, जुन्या ट्रॉलीची काढून. गाडीची रात्रीची जागा प्रयोगशाळेच्या आत गेली. दुपारी मावशींनीच सगळ्यांसमोर गाडी उचलली, दोन खांब पलीकडे तोंड फिरवून ठेवली आणि मागे सरल्या. दिवा पिवळा झाला. अर्धा मिनिट ती जागेवरच सावकाश वळत राहिली, मग दिवा हिरवा झाला, आणि ती उत्तरेला निघाली.

ती ग्रंथालयापर्यंत पोहोचली, पण दाराशी थांबली. तिथे उंबऱ्याला काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे. काळा, ओला, गुळगुळीत दगड इन्फ्रारेड प्रकाश परत पाठवत नाही, आणि पोटाखालच्या सेन्सरला तिथे जमीनच नाही असं वाटलं. सेन्सरची मर्यादा सैल करावी असं काही जणांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. सैल केली तर खऱ्या जिन्याशी काय होईल याची चाचणी घ्यायला त्या दिवशी वेळ नव्हता.

त्यानंतर आम्ही नकाशा जुलैतच पुन्हा बनवला, छत्र्या आणि गोणपाटांसकट, आणि गर्दीच्या वेळेच्या नोंदी गोळा करायला सुरुवात केली. ओल्या लादीवर चाकं किती घसरतात, हे मोजण्याचं काम त्याच एमटेकच्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घेतलं आहे. काळ्या पट्टीशी गाडी अजूनही थांबते. ग्रंथपाल मॅडम बाहेर येतात, पुस्तकं उचलून घेतात आणि बटण दाबून तिला परत पाठवतात.